वैद्यकीय प्रतिमांवर पीएचडी करायची आहे? गोव्यातल्या इंजिनिअरसाठी पहिल्या पायऱ्या

"मेडिकल इमेजिंगमध्ये पीएचडी करायची आहे, कुठलं मॉडेल घेऊ?" प्रवेशाचा मोसम आला की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारी मंडळी इलेक्ट्रॉनिक्सची किंवा कॉम्प्युटरची, फर्मागुडी, वेर्णा नाहीतर फातोर्ड्याला शिकलेली आणि आता कुठल्यातरी कॉलेजात शिकवणारी. मॉडेल हा या कामातला सगळ्यात सोपा भाग, ते डाउनलोड होतं. माणूस अडकतो तो भलतीकडेच. डॉक्टर भेटत नाहीत, भेटले तर डेटा मिळत नाही, डेटा मिळाला तर तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असतो. एवढं सगळं पार पडलं तरी शेवटी परीक्षक विचारतात, "तुमच्या सिस्टिमनं शोधून काढलेली प्रतिमा सारखी आहे, हे ठरवलं कोणी?"

माझं काम प्रतिमा-शोधातलं. रुग्णाची एक प्रतिमा दिली की जुन्या संग्रहातून तशाच प्रतिमा, त्यांच्या अहवालांसकट, काढून द्यायच्या. नोकरी सांभाळून ते पुरं केलं. खालचा क्रम त्या अनुभवातून आला आहे, आणि तो मुद्दाम मॉडेलपासून सुरू होत नाही.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"डीप लर्निंग वापरून वैद्यकीय प्रतिमांचा शोध" हा प्रश्न नव्हे, तो मथळा झाला. प्रश्नात तीन गोष्टी यायला हव्यात: कोणाला मदत, कुठल्या प्रतिमेवरून आणि काय ठरवायला. उदाहरणार्थ, मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलाचा फोटो दिला की तशाच खुणा असलेले जुने फोटो शिकाऊ नेत्रतज्ज्ञाला दाखवायचे, म्हणजे आजाराचा टप्पा ठरवताना त्याला आधार मिळेल.

हे उदाहरण मी उगाच घेतलं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. इथल्या डॉक्टरांच्या बाकड्यासमोर रोज जे येतं, तोच विषय घेतलात तर ते तुमच्यासोबत बसतील. परदेशी निबंधात दिसतो म्हणून एखादा दुर्मीळ ट्यूमर घेतलात, तर इथं दाखवायला रुग्ण नाही आणि विचारायला माणूस नाही.

वर्गीकरण आणि शोध यांतला फरकही आत्ताच मनाशी पक्का करा. वर्गीकरण सांगतं, "हा दुसरा टप्पा." शोध सांगतो, "असे पाच रुग्ण आधी येऊन गेले, त्यांचं पुढे हे झालं." निर्णय डॉक्टरांकडेच राहतो. माझ्या मते इस्पितळात दुसरी गोष्ट पचायला सोपी जाते, पण तिचं मोजमाप कितीतरी अवघड असतं. त्याबद्दल पुढे.

२. मार्गदर्शक, डॉक्टर आणि कागद

गोवा विद्यापीठाकडून नोंदणी करणार असाल तर तुमच्या विषयाचं मान्यताप्राप्त संशोधन केंद्र कुठं आहे आणि तिथं जागा आहे का, ते आधी विचारा. फर्मागुडीची आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी आणि झुआरीनगरचं बिट्स यांचे नियम आपापले आहेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. पीएचडीचा किमान काळच तीन वर्षांचा आहे.

हाताशी ठेवायचे कागद:

- पदवी आणि पदव्युत्तर गुणपत्रिका, प्रमाणपत्रं. गेट किंवा नेट दिली असेल तर तिचा निकाल
- नोकरी करत असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र. त्यात अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, कामातून पुरेसा वेळ मिळेल आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास मोकळीक देऊ, असं स्पष्ट लिहिलेलं असावं. "आमची हरकत नाही" एवढ्या एका ओळीवर पत्र परत येतं
- दोन-तीन पानांचा संशोधन आराखडा
- सोबत काम करायला तयार असलेल्या डॉक्टरांचं संमतिपत्र. सुरुवातीला कोणी मागत नाही, पण असलं तर मुलाखतीत फार उपयोगी पडतं

डॉक्टर कसे गाठायचे? ओपीडीच्या वेळेत जाऊ नका. थेट विभागप्रमुखांकडेही धाव घेऊ नका. रेडिऑलॉजीत एमडी करणाऱ्यांनाही प्रबंध द्यावा लागतो, आणि त्यांना मोजमाप, संख्याशास्त्र, सॉफ्टवेअर यांत मदत हवीच असते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) असो की खाजगी इस्पितळात, अशा एखाद्या निवासी डॉक्टरशी जोडी जमली तर दोघांचंही काम पुढे सरकतं. पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडून आलेख दाखवू नका. त्यांच्या शेजारी बसा, ते वीस एक्स-रे कसे वाचतात ते बघा. नजर आधी कुठं जाते, जुनी फिल्म कधी मागतात, कुठं थबकतात. तुमच्या प्रबंधाचं अर्धं पहिलं प्रकरण तिथंच मिळतं.

३. डायकॉम फाइल हाताने उघडा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाकडं जातं, म्हणून इथं जरा रेंगाळते.

डायग्नोस्टिक सेंटर रुग्णाला जी सीडी देतं, तिच्यातल्या फाइली डायकॉम असतात, म्हणजे वैद्यकीय प्रतिमांसाठी ठरलेल्या मानक स्वरूपातल्या. या मानकाची पहिली आवृत्ती १९८५ ची. १९९३ पासून ते डायकॉम या नावानं चालतं. प्रत्येक फाइलमध्ये दोन गोष्टी असतात: पिक्सेल आणि त्यांच्याबद्दलची माहिती सांगणारे टॅग. पायथनमध्ये पायडायकॉम बसवा, एक फाइल वाचा, सगळे टॅग छापा आणि एक संध्याकाळ तेच वाचत बसा. डोळ्यांनी बघायला थ्रीडी स्लायसर किंवा इमेजजे घ्या, दोन्ही फुकट आहेत.

आता नवखे नेमकं काय करतात ते बघा. सीटीची फाइल वाचायची, सगळ्यात लहान आकडा काळा, सगळ्यात मोठा पांढरा, मधलं सगळं ० ते २५५ मध्ये बसवायचं आणि पीएनजी करून ठेवायची. चित्र दिसतं, म्हणून काम झालं असं वाटतं. पण सीटीतला आकडा हा नुसता करडेपणा नाही, ते माप आहे. फाइलमधल्या आकड्याला टॅगमधल्या स्लोपनं गुणून त्यात इंटरसेप्टची बेरीज केली की हाउन्सफिल्ड एकक मिळतं: पाणी ०, हवा उणे १०००, हाड कित्येक शे. समजा रुग्णाच्या दातात धातूचं भरण आहे आणि आकडे उणे १०२४ पासून ३०७१ पर्यंत पसरले आहेत. म्हणजे ४०९६ पायऱ्या २५६ मध्ये कोंबल्या आणि करड्या रंगाची एकेक छटा १६ एककांची झाली. मेंदूतल्या करड्या आणि पांढऱ्या भागांतला फरक साधारण दहाच्या आसपास असतो. तो तुम्ही नेटवर्कला दाखवण्याआधीच पुसून टाकला! याउलट मेंदूसाठी डॉक्टर वापरतात ती विंडो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवायचा आकड्यांचा पट्टा, मध्य ४० आणि रुंदी ८०, लावली तर एक छटा जेमतेम ०.३ एककाची होते. फुप्फुसाला वेगळी विंडो, हाडाला वेगळी. कुठली लावली ते प्रबंधात लिहा.

आणखी तीन खड्डे:

- फोटोमेट्रिक इंटरप्रिटेशनच्या टॅगमध्ये 'मोनोक्रोम१' असेल तर लहान आकडा पांढरा असतो. न बघता अशा फाइली इतरांत मिसळल्या तर अर्धे एक्स-रे उलटे होतात, आणि शोधाच्या निकालात उलट्याला उलटेच सापडतात.
- पिक्सेल स्पेसिंग (दोन पिक्सेलांमधलं अंतर) आणि स्लाइसची, म्हणजे स्कॅनमधल्या एकेका कापाची, जाडी वाचा. एका यंत्राची स्लाइस १ मिलिमीटर, दुसऱ्याची ५. दोन्ही एका मापावर आणल्याशिवाय त्यांची तुलना करू नका.
- हाउन्सफिल्ड एकक फक्त सीटीत. एमआरआयच्या आकड्यांना असं ठरलेलं माप नाही, यंत्र बदललं की आकडे बदलतात.

जाता जाता एक सांगते. ज्यांच्या नावानं हे एकक आहे ते गॉडफ्री हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते. १९७१ मध्ये रुग्णाचं पहिलं सीटी घेतलं गेलं ते ८० बाय ८० चं. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत विभागून मिळालं. "तू इंजिनिअर, तुझा इथं काय संबंध?" असं कोणी विचारलं तर हे उत्तर खिशात असू द्या.

४. पहिलं वर्ष सार्वजनिक डेटावर

इस्पितळाची परवानगी यायला वेळ लागतो, तोवर हात चालू ठेवायला हे संग्रह:

- आयडीआरआयडी: दृष्टिपटलाचे ५१६ फोटो, ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचे, नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात काढलेले. आपल्याच भागातले रुग्ण, त्यामुळे माझी पहिली शिफारस यालाच.
- चेस्टएक्स-रे१४: ३०,८०५ रुग्णांचे १,१२,१२० छातीचे एक्स-रे. आजारांची नावं अहवालांच्या मजकुरातून संगणकानं उचललेली आहेत, म्हणून त्यांत चुका आहेत हे धरूनच चाला.
- एलआयडीसी: फुप्फुसाची १०१८ सीटी स्कॅन, प्रत्येक चार रेडिऑलॉजिस्टांनी वाचलेलं.
- मिमिक-सीएक्सआर: ३,७७,११० प्रतिमा, सोबत मूळ अहवाल. आधी ऑनलाइन प्रशिक्षण पुरं करून करारावर सही करावी लागते. डेटा मित्राला पुढे पाठवता येत नाही, एका टेबलावर बसत असलात तरी.

एक मोठा सापळा. कोविडच्या काळात कितीतरी निबंधांनी कोविड झालेल्या मोठ्या माणसांचे एक्स-रे एका संग्रहातून घेतले आणि कोविड नसलेले दुसऱ्यातून. तो दुसरा संग्रह लहान मुलांचा होता. मॉडेल मूल आणि मोठा माणूस ओळखायला शिकलं, अचूकता मात्र डोळे दिपवणारी. दोन वर्ग दोन ठिकाणांहून आणू नका.

५. इस्पितळाचा डेटा: आधी नीतिसमिती, मग पेनड्राइव्ह

"ओळखीचे डॉक्टर आहेत, देतील" यावर विसंबू नका. ओळखीनं मिळालेला डेटा निबंधात वापरता येत नाही. नियतकालिक नीतिसमितीच्या, म्हणजे रुग्णांवरचं संशोधन तपासून परवानगी देणाऱ्या समितीच्या, मंजुरीचा क्रमांक मागतं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि आरोग्यातल्या एआयबद्दलची २०२३ ची तत्त्वं वाचून मगच अर्ज लिहा. जुन्या, ओळख पुसलेल्या प्रतिमांसाठी रुग्णाच्या संमतीतून सूट मिळू शकते. पण ती द्यायची की नाही हे समिती ठरवते, तुम्ही नव्हे. अर्जात साध्या भाषेत लिहा: कुठल्या काळातल्या प्रतिमा, साधारण किती, ओळख कोण पुसणार, कुठं ठेवणार, काम झाल्यावर काय करणार. समितीत वकील आणि सामान्य नागरिकही असतात. "सेल्फ-सुपरवाइज्ड कॉन्ट्रास्टिव्ह" अशा शब्दांनी त्यांची समजूत पटत नाही.

ओळख पुसणं म्हणजे नावाचा टॅग रिकामा करणं, एवढंच नाही. जन्मतारीख, रुग्ण क्रमांक, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, यंत्र-कंपनीचे खाजगी टॅग, फोल्डरचं नाव, सगळं बघा. सोनोग्राफीत नाव बहुधा थेट चित्रावरच छापलेलं असतं, टॅग पुसून ते जात नाही. डोक्याच्या स्कॅनवरून तर चेहरा उभा करता येतो. शिवाय गोवा केवढासा? गावाचं नाव, वय ८१ आणि तपासणीचा दिवस एवढं राहिलं तरी वाड्यावरचं कोणीही सांगेल ही कोणाची आजी. गावाचा रकाना घेऊच नका.

आणि हे विसरू नका: एका रुग्णाला कायम एकच टोपणक्रमांक द्या, तो दहादा आला तरी. प्रत्येक भेटीला नवा क्रमांक पडला तर पुढे एका माणसाच्या प्रतिमा एकत्र ठेवता येत नाहीत. आठव्या पायरीत ते नडतं. मूळ नावं आणि टोपणक्रमांक यांची यादी इस्पितळातच राहू द्या, तुमच्याकडे नको.

खिडकीच्या काचेवर धरून मोबाइलनं काढलेला फिल्मचा फोटो, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक्स-रे, हा संशोधनाचा डेटा नव्हे. कॉम्प्रेशनमध्ये बारीक तपशील जातो आणि टॅग तर एकही उरत नाही. नम्रपणे परत करा आणि डायकॉमच मागा.

६. 'सारखी' कशाला म्हणायचं ते लिहून काढा

सगळा प्रबंध या एका कागदावर उभा राहतो. संगणकाला दोन प्रतिमा सारख्या वाटतात त्या रंगरूपानं. डॉक्टरांना सारख्या वाटतात त्या आजारानं, टप्प्यानं, कधी पुढच्या उपचारानं. छातीचे दोन एक्स-रे दिसायला जुळे असतील, पण एकात डावीकडे वरच्या कोपऱ्यात लहानशी सावली आहे, आणि डॉक्टरांच्या दृष्टीनं तेवढंच महत्त्वाचं.

जर्मनीत आखेनच्या इर्मा प्रकल्पानं यावर चांगली युक्ती काढली होती: प्रत्येक प्रतिमेला चार अंगांचा संकेत द्यायचा. कुठल्या तंत्रानं काढली, कुठल्या दिशेनं, शरीराचा कुठला भाग आणि कुठली संस्था, म्हणजे श्वसन, पचन वगैरे. तुमच्या कामासाठी असाच तक्ता डॉक्टरांसोबत बसून करा. दृष्टिपटलाचा असेल तर: टप्पा तोच का, रक्तस्राव आहेत का, मेदाचे पिवळे ठिपके मध्यबिंदूजवळ आहेत का. प्रत्येक रकान्याला किती वजन, हेही त्यांनाच विचारा.

मग हा तक्ता एकाकडून नव्हे, किमान दोघांकडून भरून घ्या, एकमेकांचं न बघता. उत्तरं जुळणार नाहीत, घाबरू नका. एलआयडीसीत ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ म्हणून निदान एका डॉक्टरांनी खूण केलेल्या २६६९ जागा होत्या. चारही डॉक्टरांचं एकमत झालं ते ९२८ जागांवर. तुमच्या दोन डॉक्टरांमधलं एकमत 'कापा' (kappa) या संख्याशास्त्रातल्या मापानं काढा आणि तो आकडा निकालांच्या आधी छापा. दोन डॉक्टरांचं जिथं आपसात जुळत नाही, तिथं तुमची सिस्टिम ९९ टक्के बरोबर कशी, याला उत्तर नसतं.

७. आधी साधं करून बघा

हॅरॅलिक यांनी १९७३ मध्ये मांडलेली पोताची मापं, लोकल बायनरी पॅटर्न (पिक्सेलची शेजाऱ्यांशी तुलना करणारं माप), आणि दोन प्रतिमांच्या मापांमधलं साधं अंतर. एवढ्यावर पहिला निकाल काढा. मग आधीच शिकवलेल्या रेझनेट या नेटवर्कमधून वैशिष्ट्यं काढून तेच करा. नवं नेटवर्क त्यानंतर. काही हजार प्रतिमांसाठी झटपट शोधाच्या खास लायब्ररीची गरज नाही. सरळ सगळ्यांशी तुलना केली तरी उत्तर क्षणात येतं.

आकार लहान करताना मात्र कागदावर एक भागाकार करा. ४२८८ रुंदीचा फोटो २२४ वर आणला की १९ पिक्सेलचा एक होतो. मधुमेहात सगळ्यात आधी दिसणारे केशवाहिन्यांचे बारीक फुगे साधारण तेवढेच असतात. तुम्ही जे शोधायला निघालात ते नेटवर्कपर्यंत पोचतच नाही. तुकडे पाडून काम करा.

८. मोजमाप: इथंच बहुतेक निबंध पडतात

विभागणी रुग्णांप्रमाणे, प्रतिमांप्रमाणे नव्हे. एका सीटीत शेकडो स्लाइस असतात. ६१ वी स्लाइस विचारली आणि उत्तरात त्याच रुग्णाची ६० वी आणि ६२ वी आली तर तो शोध नाही, तो शेजार. शोधाच्या उत्तरांतून त्या रुग्णाच्या सगळ्या प्रतिमा वगळा, जुन्या भेटीतल्यासुद्धा. आकडे पडतील, पडू द्या.

दुसरं, शोधाच्या पहिल्या दहा उत्तरांत किती बरोबर, या एकट्या आकड्यावर विसंबू नका. समजा १००० प्रतिमांत ७०० निरोगी आहेत. डोळे मिटून दहा उचलल्या तरी निरोगी प्रतिमा विचारली असेल तर सरासरी सात बरोबर येतात, म्हणजे ०.७. हा आकडा निबंधात छान दिसतो आणि त्याला काडीचा अर्थ नसतो. प्रत्येक वर्गाचा निकाल वेगळा द्या, निव्वळ नशिबानं किती आलं असतं तेही शेजारी द्या, आणि दुसऱ्या इस्पितळाच्या प्रतिमांवर एकदा तरी चालवून बघा. तिसरं, दहा-वीस चुकलेले शोध डॉक्टरांना दाखवा आणि त्यांचं म्हणणं शब्दशः टिपून ठेवा. माझ्या तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त चर्चा त्याच पानांवर झाली.

९. यंत्र, वीज, साठवण

सुरुवातीला गूगलचं फुकटचं कोलॅब (ऑनलाइन कोड चालवायची सोय) पुरतं, पण फक्त सार्वजनिक डेटासाठी. समितीनं लेखी परवानगी दिल्याशिवाय इस्पितळाच्या प्रतिमा कुठल्याही क्लाउडवर चढवू नका, ओळख पुसलेली असली तरी. कॉलेजच्या मशिनवर काम करत असाल तर पावसाळा लक्षात घ्या: यूपीएस हवाच, आणि दर फेरीनंतर मॉडेल साठवलं जाईल असं लिहा. डिस्क एन्क्रिप्ट करा. कोड गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात), डेटा गिटमध्ये कधीही नाही.

१०. छापणं आणि गाशा गुंडाळणं

तीन दिवसांत स्वीकृती आणि पैसे भरा, असा मेल आला की पुसून टाका. विषयात आधी काय झालंय ते बघायला शोधगंगेवर भारतीय प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात. निदान पाच तरी वाचा, विशेषतः त्यांतली डेटाची प्रकरणं. निबंधात डॉक्टरांचं नाव लेखक म्हणून कुठं येणार, हे काम सुरू होतानाच बोलून घ्या. शेवटी बोलायला गेलं की कटुता येते.

प्रबंध जमा झाला की नीतिसमितीला समाप्ती अहवाल द्यायचा असतो. बहुतेकांच्या हे लक्षातच राहत नाही, आणि त्याच इस्पितळात पुढच्या विद्यार्थ्याचा अर्ज अडकतो. मंजुरीच्या पत्रात डेटा किती काळ ठेवायचा ते लिहिलेलं असतं. ती तारीख मार्गदर्शकांच्याही कॅलेंडरात घाला, आणि डेटा पुसल्याचं लेखी पत्र समितीला पाठवून त्याची पोच घ्या.